कानानं तपासलेलं पुस्तक

संपादकांकडून परत आलेला गठ्ठा ऑपरेटरबाईंनी जेवणाच्या टेबलावर सोडला, वरचं पान वाचलं आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "हे मी लिहिलेलं नाही."

"मग कोणी लिहिलं? भुतानं?" नणंदबाई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"थट्टा नको, वन्सं. देवाशप्पथ सांगते, ही वाक्यं माझी नाहीत."

पानाला पेन्सिलीच्या खुणांचा गोवर उठला होता. एका वाक्यात तीन 'आणि', तिन्हींभोवती गोल. 'अत्यंत' हा शब्द इतक्यांदा आलेला, की शेवटी संपादकांनी कंटाळून समासात नुसतं उद्गारचिन्ह ठोकलं होतं. एका संवादापाशी विचारलं होतं, 'हे कोण कोणाला म्हणतंय?' सोबत चिठ्ठी: पुस्तकाचा ऐवज मोलाचा आहे, पण भाषा धापा टाकते. महिनाअखेरपर्यंत स्वतः हात फिरवून प्रत द्यावी. नाहीतर या वर्षीच्या पुस्तकांत आपलं पुस्तक घेता येणार नाही.

"नाही या वर्षी तर पुढच्या वर्षी," नणंदबाई म्हणाल्या. "पुस्तक म्हणजे काय दूध आहे नासायला?"

"पुढच्या वर्षाचं कोणी पाहिलंय? आमच्या टेलिफोनच्या बोर्डावरच्या आता दोघीच उरल्यात, माझ्याशिवाय. एकीला तर माणूससुद्धा ओळखू येत नाही धड. त्यांच्या हातात पडायला नको पुस्तक?"

यावर नणंदबाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे मुद्दा पटला, असं त्या घरात धरून चालत.

ऑपरेटरबाईंचा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेला. कानाला हेडफोन, हातात वायरी, समोर बोर्डावरची भोकं. याची वायर त्याच्या भोकात खुपसायची आणि दोन घरं जोडून द्यायची. मग यंत्रं आली, बोर्ड भंगारात गेले, बाई निवृत्त झाल्या. पण गल्लीनं त्यांना दिलेलं नाव काही निवृत्त झालं नाही. बाईंनी त्या दिवसांचं पुस्तक लिहिलं होतं. आपल्यासोबत बसलेल्या बायकांचं आणि वायरीच्या दोन्ही टोकांना असलेल्या, कधी न पाहिलेल्या माणसांचं.

त्यांचे यजमान रेडिओवर बातम्या वाचत असत. त्यांना गल्ली आवाजराव म्हणे. भाजीवाल्याकडे उभं राहून ते "अर्धा किलो वांगी" म्हणाले, तरी शेजारचं गिऱ्हाईक वळून बघे, की देशात काय झालं.

आता असं हे जोडपं. एक जन्मभर ऐकत आलेलं, दुसरं जन्मभर वाचत आलेलं. त्यांनी पुस्तक तपासायचं ठरवलं तर ते कसं तपासणार? बाई वाचनालयातल्या लेखनवर्गाला जात असत. तिथल्या गुरुजींनी एकदा सांगितलं होतं, की स्वतःचं लिखाण स्वतःच्या डोळ्यांनी कधी तपासू नये. डोळा म्हणजे लाडका मामा. भाच्यानं नाक पुसलेलं नसलं तरी तो म्हणणार, काय गोड पोर आहे! कान मात्र सासू. कानाला मीठ कमी पडलेलं लगेच कळतं. म्हणून दुसऱ्याच्या तोंडून वाचून घ्यावं आणि आपण ऐकावं. गुरुजींनी इतरही बरंच सांगितलं होतं. लिहून झालं की काही दिवस कपाटात ठेवा, ज्या वाक्यावर स्वतःच खूश व्हाल ते आधी खोडा, वगैरे. ते सगळं बाईंच्या एका कानातून आत जाऊन दुसऱ्यातून बाहेर गेलं. कानाची गोष्ट मात्र काळजात रुतली.

झालं. रोज दुपारी जेवणं उरकली, की आवाजराव खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसत आणि हस्तलिखित वाचत. बाई पाठीमागच्या पलंगावर डोळे मिटून ऐकत. कानाला खटकलं की टिचकी वाजवायची, असा करार. पण अख्ख्या पुस्तकात बाईंची टिचकी जेमतेम चार-दोनदा वाजली. उलट कधी कधी त्यांचे डोळेच भरून येत. 'मी लिहिलं हे?' असं मनाशी म्हणत आणि मनातल्या मनात देवाला हात जोडत.

आणि आता हा गोवर!

*

पहिला संशय टायपिस्टबाईंवर गेला. साहजिक आहे. लेखिका आणि संपादक यांच्या मध्ये एकच हात फिरला होता, तो त्यांचा.

टायपिस्टबाईंचं दुकान कोपऱ्यावर, एका जिन्याखाली. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. ऑपरेटरबाई आत शिरल्या, म्हणून टायपिस्टबाई बाहेर आल्या.

"बोला काकू. झालं का पुस्तक छापून? पेढा कुठाय?"

"पेढा मागतेस? हे बघ काय करून ठेवलंयस!"

टायपिस्टबाईंनी पान हातात घेतलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "यात माझं काय चुकलं? एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही."

"तीन तीन 'आणि' कुठून आले?"

"तुमच्याकडून."

"मी घातले नाहीत."

"काकू, मी माशीला माशी लावणारी बाई. कागदावर डास चिरडलेला असला, तर मी तोसुद्धा टाइप करीन. मला काय हौस आहे पदरचे 'आणि' घालायची?" त्यांनी वाकून फळीखालून बाईंचं हस्तलिखित काढलं. ते न्यायला बाई विसरल्या होत्या. "घ्या. तुमचाच हात आहे ना? ओळखा."

ऑपरेटरबाईंनी पान काढलं. बघतात तर काय, निळ्या शाईत, आपल्याच वळणाच्या अक्षरात तीन 'आणि'. शेजारी 'अत्यंत'. खाली पुन्हा 'अत्यंत'. त्यांना जिन्याखालच्या त्या जागेत एकदम कोंडल्यासारखं झालं.

"बसा, पाणी देते," टायपिस्टबाई म्हणाल्या. "होतं असं. माणसाला आपलं घोरणं कुठं ऐकू येतं?"

"पण मी ऐकलंय," बाई पुटपुटल्या. "मी हे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलंय. त्यात हे नव्हतं."

घरी येताना वाटेत त्यांनी विचार केला. कागदावर जे आहे ते माझ्या कानावर आलेलं नाही. कागद आणि कान यांच्या मध्ये कोण होतं? टायपिस्टबाई नव्हे. तिथं बसलं होतं वेताच्या खुर्चीतलं माणूस.

संशयाचं बी फार गुणी. त्याला पाणी घालावं लागत नाही, खत घालावं लागत नाही, ऊनही लागत नाही. घराच्या पायऱ्या चढेपर्यंत त्याला पानं फुटली होती.

*

बाईंनी कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर सहज म्हटल्यासारखं म्हणाल्या, "अहो, ते चौथं प्रकरण पुन्हा एकदा वाचता का? संपादकांना तिथंच जास्त खटकलंय."

"वाचतो की." आवाजरावांनी घसा साफ केला, तोंडात खडीसाखरेचा खडा टाकला आणि हस्तलिखित घेऊन खिडकीकडे तोंड करून बसले.

बाई पाठीमागे पलंगावर. आज मात्र डोळे सताड उघडे आणि मांडीवर टाइप केलेली प्रत. त्यांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

चौथ्या प्रकरणात एक माणूस होता. तो रोज एकच नंबर मागायचा आणि पलीकडे कोणी फोन उचलायचं नाही. बाईंनी लिहिलं होतं: 'घंटा वाजत राहिली आणि वाजत राहिली आणि वाजत राहिली आणि कोणी उचलला नाही आणि तो म्हणाला राहू द्या जरा वेळ.'

आवाजरावांनी वाचलं, "बराच वेळ घंटा वाजूनही पलीकडून कोणी फोन उचलला नाही. 'राहू द्या जरा वेळ,' तो म्हणाला."

बोट कागदावर जागच्या जागी थिजलं.

पुढच्या ओळीत दोन 'अत्यंत' होते. आवाजरावांच्या तोंडून एकही बाहेर पडला नाही. जिथं कोण बोललं हे सांगायला बाई विसरल्या होत्या, तिथं खणखणीत आवाजात 'ऑपरेटर म्हणाली' ऐकू आलं. आणि वाचणारा अडखळला नाही, थांबला नाही, त्याची मानसुद्धा हलली नाही. जणू कागदावर तेच होतं.

"कसं वाटलं?" प्रकरण संपवून आवाजरावांनी विचारलं.

"छान," बाई म्हणाल्या आणि प्रत उशीखाली सरकवली.

पुढचे काही दिवस घरात बाहेरून सगळं ठीक होतं. चहा वेळेवर होई, औषधं वेळेवर दिली जात. पण बाई नवऱ्याकडे बघत ते पूर्वी बोर्डावरच्या खरखरणाऱ्या लायनीकडे बघायच्या तसं. बिघाड आहे हे नक्की. पण कुठल्या टोकाला?

हे असं का करतात? मला मुद्दाम अंधारात ठेवून तोंडघशी पाडायचं आहे का? आजवर गल्लीत यांचाच आवाज होता. आता बायकोचं नाव छापून येणार, ते खुपतंय? छे, तसा माणूस नाही. मग दया? 'बिचारी लिहितेय, कशाला तिचे दोष तिला ऐकवा' अशी? या विचारानं तर बाईंची गॅसवरची भाजीच करपली. मत्सर परवडला, मत्सरात निदान बरोबरी असते.

शेवटी नणंदबाईंपाशी त्यांनी तोंड उघडलं. नणंदबाई म्हणजे आवाजरावांच्या थोरल्या बहीण. भावाची बाजू घेतील असं वाटलं होतं.

"तो ना?" नणंदबाई म्हणाल्या. "तो लबाडी करायचा नाही. लबाडीला डोकं लागतं. पण आपण बघू या. वहिनी, पानात एखादं वेडंवाकडं वाक्य घुसव. अगदी गाढवालासुद्धा कळेल असं."

बाईंनी घुसवलं. दुपारी वाचायच्या पानात, मधोमध, लिहिलं: 'चहा पिऊन मी चहा प्यायले आणि चहा पिऊन कामाला चहा बसले.'

दोघी पलंगावर श्वास रोखून बसल्या. आवाजराव त्या ओळीपाशी आले आणि शांतपणे वाचते झाले, "चहा पिऊन मी कामाला बसले."

नणंदबाईंनी तोंडात पदर कोंबला. बाईंना मात्र हसू आलं नाही. इतकं गुळगुळीत खोटं! इतकी तयारी!

"थांब," नणंदबाई पुटपुटल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अरे, माझ्या त्या नव्या गोळ्यांचा कागद वाच बरं जरा. अक्षर मेलं मुंगीएवढं."

आवाजरावांनी कागद उजेडात धरला. "ही गोळी जेवणानंतर पाण्यासोबत घ्या. चक्कर आल्यास डॉक्टरांना विचारा."

नणंदबाईंनी कागद परत घेतला, डोळ्यांशी नेला आणि वहिनीच्या हातात दिला. कागदावर होतं: 'सदर गोळीचे सेवन भोजनोत्तर जलासमवेत करण्यात यावे. भोवळसदृश लक्षणे उद्भवल्यास वैद्यकीय सल्ला घेण्यात यावा.'

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. गोळ्यांच्या कंपनीवर काही आवाजरावांचा जीव जडलेला नव्हता, की तिच्यावर दया करावी.

*

"अहो," बाई म्हणाल्या, "तुम्ही लिहिलेलं वाचत नाही."

"म्हणजे?"

"कागदावर एक असतं, तुम्ही दुसरंच वाचता."

आवाजराव हसले. "अगं, माझा धंदा होता तो. लिहिलेलं वाचणं. एवढी वर्षं दुसरं काय केलं मी?"

"मग हे वाचा. चहाचं वाक्य. बोट ठेवून वाचा."

त्यांनी वाचलं. बरोबर तसंच, गुळगुळीत. बाईंनी पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच. मग नणंदबाईंनी कपाटावरचा जुना टेपरेकॉर्डर खाली काढला. आवाजरावांनी त्यात वाचलं, टेप मागे नेली आणि एका हातात पान धरून आपलाच आवाज ऐकला. कागदावर होते तेवढे 'चहा' आवाजात नव्हते.

टेप संपली तरी ते पान खाली ठेवेनात. चेहरा असा झाला, की बाईंना वाटलं, कशाला आपण हे उकरून काढलं!

"बातम्यांचा कागद शेवटच्या घटकेला हातात पडायचा," ते म्हणाले. "शाई ओली, खाडाखोड, अर्धी वाक्यं. समोर प्रसारणाचा लाल दिवा लागलेला. आमचे साहेब सांगायचे, चूक लिहिणाऱ्याची, पण अब्रू वाचणाऱ्याची. तेव्हापासून जीभ डोळ्यांच्या पुढे धावायला लागली असावी. मला कळलंच नाही गं. मला वाटायचं, लोक बरं लिहितात."

"आणि माझं?"

"तुझंही बरंच वाटायचं."

"म्हणजे माझं पुस्तक तुम्हाला आवडलं ते तुमचं तुम्हालाच आवडलं!"

आवाजरावांनी पान टेबलावर ठेवलं आणि ते उठून आतल्या खोलीत गेले.

नणंदबाई म्हणाल्या, "आता एक सोपं आहे. तो बोलेल ते तू उतरवून घे. आयतं दुरुस्त पुस्तक! महिनाअखेर चार दिवसांवर आली."

बाईंना पटलं. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याची समजूत काढली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि ते वाचतील तसं उतरवून घ्यायला लागल्या. वाक्यं स्वच्छ, सरळ, इस्त्री केलेली. 'अत्यंत' पार गेले, आणि गेले ते बरंच झालं. संवाद कोणाचा ते लख्ख कळायला लागलं. बाई मान डोलावत लिहीत होत्या. मग घंटेचा माणूस आला. 'बराच वेळ घंटा वाजूनही पलीकडून कोणी फोन उचलला नाही.' बाईंनी ते उतरवलं आणि लेखणी थांबली.

हा तो माणूस नव्हे. ही तर त्याची बातमी झाली. घंटा वाजत असताना वायर हातात धरून आपण बसलो होतो, ती काढावी की ठेवावी कळत नव्हतं, आणि फोन मागणारा तो नुसता श्वास घेत होता. यातलं काहीच 'वाजूनही' या शब्दात मावत नव्हतं. ऐकताना आपण रडलो होतो खरं, पण ते वाक्याला की त्या आवाजाला? की आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या माणसाला?

आता बाईंना कोणाचाच भरवसा उरला नाही. डोळा लाडका मामा. कान सासू म्हणावी, तर सासूला जावयानं फितवलेलं. आपले दोष आपल्याला दिसू नयेत ही देवाची दया म्हणायची की खोडी, त्यालाच ठाऊक.

"द्या ते पान इकडे," त्या म्हणाल्या. "मीच वाचते. तुम्ही ऐका."

"मोठ्यानं? तू?"

"हो. आणि मध्ये एक शब्द बोलायचा नाही."

"मग मी बसू कशाला?"

"कोणी समोर बसलं, की माणसाला लाज वाटते. मला लाज वाटायला हवी आहे."

तेव्हापासून चार दिवस घरात बाईंचा आवाज चालला. गोड नव्हता, सराईत नव्हता, दमायचा. पण जिथं वाक्य लांबलं तिथं त्यांचा श्वास आधी संपे आणि त्या पेन्सिलीनं वाक्य तिथंच तोडत. जिथं 'अत्यंत' येई तिथं समोरच्या माणसापुढं तो म्हणताना जीभ अवघडे, मग त्याच्यावर काट. स्वयंपाकघरातून नणंदबाई ओरडत, "वहिनी, आता 'म्हणाली' कोण म्हणाली? मला कळलं नाही!" की तिथं नाव घालायचं. आवाजराव खुर्चीत ताठ बसलेले, तोंडात खडीसाखर, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

बाई वाचता वाचता पानावरून नजर उचलून त्यांच्याकडे बघत. त्यांचा गाल हलला की थांबत.

"काय झालं?"

"काही नाही."

"जीभ हलली तुमची."

"खडा हलला."

बाई एक भुवई वर करून पुढं वाचत.

शेवटच्या दुपारी मुद्दाम मागे ठेवलेलं चौथं प्रकरण आलं. संपादकांनी तिथं काढलेले गोल अजून तसेच होते. बाईंनी वाचलं, "घंटा वाजत राहिली आणि वाजत राहिली आणि वाजत राहिली..." आणि त्यांचा श्वास संपला. पेन्सिल 'आणि'वर गेली. थांबली. त्यांनी पुन्हा वाचलं. पुन्हा श्वास तिथंच संपला. त्या माणसाचाही तिथंच संपत असे. संपादक रागावतील, कदाचित या एका ओळीवरून पुस्तक परतही पाठवतील. कितीतरी वेळ पेन्सिल कागदावर टेकूनच राहिली.

मग त्यांनी 'उचलला नाही'नंतर वाक्य तोडलं, 'तो म्हणाला'चं वेगळं वाक्य केलं, आणि घंटेला हात लावला नाही. समासात संपादकांसाठी लिहिलं: 'हे असंच राहू द्यावं.'

वर बघतात तर आवाजराव खिडकीबाहेर बघत होते.

"कसं वाटलं?" बाईंनी विचारलं.

"बोलायचं नाही असं ठरलंय ना?"

"आता बोला."

"मला हे असं वाचता आलं नसतं," आवाजराव म्हणाले.

बाई त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिल्या. हे वाक्याचं कौतुक, की वाक्याची तक्रार? की चार दिवस गप्प बसवलेल्या नवऱ्याची सवयीची सफाई? त्या चेहऱ्यावरून काही कळेना. इतक्या वर्षांच्या संसारात त्या आवाजात अशी खरखर त्यांनी कधी ऐकली नव्हती, किंवा ऐकू दिली गेली नव्हती.

"दे, तुझा घसा बसलाय. उरलेली दोन पानं मी वाचतो," असं म्हणून त्यांनी हात पुढं केला.

"नको," बाई म्हणाल्या, गठ्ठा उचलून आपल्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला ठेवला, आणि पाण्याचा घोट घेऊन पुढचं पान मोठ्यानं वाचायला घेतलं.